लेझरने घडवलेलं टायटॅनियम, भट्टी आणि चिवटपणा: वाचकांचे प्रश्न

धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगबद्दल प्रश्न मागवले होते. पीथमपूर, सांवेर रोड, पोलोग्राउंड आणि वडोदऱ्याच्या मकरपुऱ्याहून पत्रं आली. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर होता: लेझरने थर चढवून केलेला टायटॅनियमचा जॉब ताकदीला उतरतो, पण धक्क्याला का उतरत नाही आणि भट्टीने ते सुधारतं का. म्हणून हे पूर्ण सदर याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : आम्ही ग्रेड ५ टायटॅनियमचे ब्रॅकेट बाहेरून पावडर-बेड मशीनवर प्रिंट करून घेतो. टेन्साइल रिपोर्टमध्ये १२३० मेगापास्कल आले, म्हणजे फोर्जिंगपेक्षा सरस. गिऱ्हाइकाने चार्पी टेस्ट (खाच पाडलेला तुकडा एका फटक्यात तोडून त्याला लागलेली ऊर्जा मोजणारी) मागितली, तेव्हा तुकडे फारशी ऊर्जा न घेता सरळ तुटले. प्रिंट करणारा म्हणतो, ५५० ला दोन तास स्ट्रेस रिलीव्ह केलंय. मग कुठे चुकलं, आणि भट्टीवाल्याला काय लिहून द्यावं?
(एक लघुउद्योजक, सांवेर रोड, इंदूर)

५५० या आकड्यात चूक आहे. १२३० पाहून निर्धास्त होण्यातही आहे.

पावडर-बेड मशीनमध्ये लेझर एका वेळी ३० ते ६० मायक्रॉनचा थर वितळवतो. वितळलेला ठिपका इतका लहान असतो की तो सेकंदाला लाखभर अंश किंवा त्याहूनही जास्त वेगाने थंड होतो. ग्रेड ५ म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेली मिश्रधातू. ती साधारण ९९५ सेल्सिअसच्या वर पूर्णपणे बीटा अवस्थेत, म्हणजे अणूंच्या वेगळ्या मांडणीत, असते. या सीमेला बीटा ट्रान्सस म्हणतात. तिथून खाली उतरताना वेग सेकंदाला सुमारे ४१० अंशांच्या वर गेला, की व्हॅनेडियमला वेगळं व्हायला सवड मिळत नाही. ते जागच्या जागी अडकतं आणि अतिबारीक सुयांचं मार्टेन्साइट, म्हणजे अल्फा-प्राइम, तयार होतं. तुमचे १२३० त्याचे आहेत. पण तड्याच्या टोकाशी धातू थोडा दबून तडा बोथट व्हावा लागतो, आणि तेवढी ढिलाई या सुयांत नसते. शिवाय थरावर थर आक्रसल्यामुळे आत शेकडो मेगापास्कलचे ताण कोंडलेले असतात. त्यामुळे प्रिंट होऊन निघालेल्या मालाचा के-वन-सी, म्हणजे तडा पुढे सरकू न देण्याची क्षमता, २० ते ५० मेगापास्कल-रूट-मीटर अशा रुंद पट्ट्यात कुठेही पडू शकतो. मिल-ॲनील केलेल्या (कारखान्यातच तापवून मऊ केलेल्या) घडीव, म्हणजे फोर्ज केलेल्या, मालात तो साधारण ४५ ते ६५ असतो.

आता ५५० चं बघू. या तापमानाला कोंडलेले ताण काही प्रमाणात सुटतात, हे खरं. पण मार्टेन्साइट मोडायला ही उष्णता पुरत नाही. उलट सुयांच्या आत अतिबारीक कण बाहेर पडू लागतात आणि ॲल्युमिनियमच्या अणूंची मांडणी जास्त शिस्तीची होते, म्हणजे एजिंग होतं. ५४० ला पाच तास ठेवलेल्या पावडर-बेड मालाची लांबण, म्हणजे तुटण्याआधी ताणलं जाण्याचं प्रमाण, प्रिंट झालेल्या मालापेक्षाही कमी निघाल्याची मोजमापं आहेत: ७ टक्क्यांच्या आसपास असलेली साडेपाचावर आली. ताण सोडवायला म्हणून केलेली प्रक्रिया चिवटपणाच खाऊन गेली. घडीव मालाच्या जुन्या चार्टमधून तापमान उचललं की हे हमखास होतं, कारण त्या मालात मुळात मार्टेन्साइटच नसतं.

वर चढत गेलं की चित्र पालटतं. ७०० च्या पुढे मार्टेन्साइट अल्फा (कमी तापमानाला टिकणारी मांडणी) आणि बीटाच्या पट्ट्यांत मोडू लागतं. ८५० ला दोन तास ठेवून भट्टीतच थंड केलं, तर ताकद साधारण १००० मेगापास्कलवर उतरते, लांबण १२-१३ टक्क्यांवर जाते आणि पट्ट्या मायक्रॉन-दोन मायक्रॉन जाड होतात. ९२० ते ९५० ला त्या आणखी जाड होतात आणि ताकद ९५० च्या आसपास येते. पट्टी जाड असली की तड्याला सरळ रस्ता मिळत नाही. तो वळतो, फाटे फोडतो, आणि दर वळणावर ऊर्जा खर्च होते. ८०० ते ९२० च्या प्रक्रियेनंतर के-वन-सी ४० ते ६० च्या पट्ट्यात येणं ही वाजवी अपेक्षा आहे. त्याहून वरच्या आकड्याचं कोणी वचन दिलं, तर नमुना कोणत्या दिशेने कापला आणि ऑक्सिजन किती होता हे आधी विचारा.

बीटा ट्रान्ससच्या वर, समजा १०२० ला, गेलं की लेझरने घडवलेले उभे खांबासारखे कण पुसले जातात आणि नवे मोठे कण उगवतात. के-वन-सी आणखी वाढतो, पण ताकद ८५०-८७० वर येते, आणि वारंवार भार झेलणाऱ्या जॉबमध्ये तडा सुरू होण्याला विरोध कमी होतो. या तापमानाला कण रोखून धरणारा अल्फा उरलेला नसल्याने ते झपाट्याने फुगतात. पंधरा ते तीस मिनिटं पुरतात. दोन तास ठेवायचं कारण नाही. ब्रॅकेटसाठी आमचं मत स्पष्ट आहे: ट्रान्ससच्या वर जाऊ नका. ९८० सारखं सीमेला टेकलेलं तापमानही टाळा. ऑक्सिजन जास्त असेल तर ट्रान्सस वर सरकतो, कमी असेल तर खाली येतो. कमी ऑक्सिजनच्या ग्रेड २३ मध्ये तो ९७५ च्या आसपास असू शकतो. म्हणजे त्याच ९८० ला एक लॉट सीमेच्या खाली राहील आणि दुसरा वर जाईल.

भट्टीवाल्याला असं लिहून द्या. प्रिंटची प्लेट आणि सपोर्ट यांसकट जॉब भट्टीत जाईल. वायरकट, म्हणजे तारेने प्लेटवरून कापणं, नंतरच. आधी प्लेटवरून कापला तर ताण सुटताना जॉब वाकतो, आणि मग तो सरळ करता येत नाही. आतल्या पोकळ्यांतली सुटी पावडर भट्टीआधी पूर्ण काढलेली असावी, नाहीतर ती जागीच चिकटून बसते. जॉब आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ॲसिटोनने धुवावा. क्लोरीन असलेलं सॉल्व्हंट वापरू नये, आणि धुतल्यावर स्वच्छ हातमोज्यांनीच हाताळावा, कारण घामातल्या मिठाचा क्लोरिन गरम टायटॅनियमला तडे पाडू शकतो. तापमान ८५०, कमी-जास्त १०. वेळ दोन तास, आणि ती जॉबवर बांधलेल्या थर्मोकपलने ८४० दाखवल्यापासून मोजायची. भट्टीच्या भिंतीतल्या थर्मोकपलवर विसंबू नये: निर्वातात उष्णता फक्त प्रारणाने पोहोचते, त्यामुळे जाड प्लेट बरीच मागे राहते. निर्वात दहाचा उणे पाचवा घात मिलिबार या पातळीचा. ५०० पर्यंत भट्टीतच थंड, नंतर शुद्ध आर्गॉन भरून थंड केलं तरी चालतं. आणि त्याच प्लेटवर छापलेले टेस्ट बार त्याच फेरीत, जॉबच्या शेजारी.

एक गोष्ट लोक विसरतात, ती टोपलीची. टायटॅनियम आणि निकेल एकमेकांना टेकले तर ९४२ सेल्सिअसला त्यांचा द्रव तयार होतो. टायटॅनियम आणि लोखंडाचा १०८५ च्या सुमारास होतो. निकेलच्या मिश्रधातूच्या जाळीवर जॉब ठेवून ९५० केलं, तर टेकलेल्या जागी जॉब वितळून जाळीत बसतो. मध्ये मॉलिब्डेनमचा पत्रा घाला.

प्रश्न : स्टीलमध्ये क्वेंच करून (झटक्यात थंड करून) टेम्पर केलं (पुन्हा थोडं तापवलं) की चिवटपणा येतो. टायटॅनियमला तेच का नको? मार्टेन्साइट तर आधीच तयार आहे, मग २५० ला टेम्पर केलं की झालं!
(हीट ट्रीटमेंट सुपरवायझर, पीथमपूर)

नाव एक असलं तरी दोन्ही मार्टेन्साइटांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. स्टीलमध्ये कार्बनचा लहान अणू लोखंडाच्या जाळीच्या फटीत घुसतो आणि जाळी ताणून धरतो, म्हणून हार्डनेस ६० एचआरसीच्या वर जातो. दोनशे-अडीचशे अंशांना तो कार्बन हलू शकतो, म्हणून टेम्परिंग लागू पडतं. टायटॅनियमच्या मार्टेन्साइटमध्ये अडकलेलं व्हॅनेडियम फटीत नसतं, ते टायटॅनियमच्याच जागेवर बसलेलं असतं. त्यामुळे हार्डनेस थोडासाच वाढतो: प्रिंट झालेला माल साधारण ३७० ते ४०० विकर्स, ॲनील केलेला ३३० ते ३५०. आणि २५० ला ते जागचं हलत नाही. तुमच्या टेम्परिंगने फक्त वीज जळेल.

पाण्यात क्वेंच करून एजिंग करण्याची पद्धत टायटॅनियमलाही आहे: ९५५ ला एक तास, पाण्यात, मग ५४० ला चार तास. ती ताकदीसाठी आहे. चिवटपणा तिने घटतो. हार्डनेसच्या या अरुंद पट्ट्यामुळे आणखी एक सवय सोडावी लागेल. रॉकवेल मशीनवर एक ठसा मारून टायटॅनियमचा जॉब पास किंवा फेल ठरवता येत नाही. ५५० ला बिघडलेला आणि नीट प्रक्रिया झालेला जॉब यांच्या आकड्यांतला फरक मोजमापाच्या चुकीइतका लहान असू शकतो.

प्रश्न : आमच्याकडे निर्वात भट्टी नाही. नायट्रोजनची सील्ड भट्टी आहे, आणि गिअरसाठी एंडोगॅसची आहे. नायट्रोजन निष्क्रिय वायू आहे ना? एकदा करून पाहिलं तर जॉब सोनेरी निघाला. दिसायला छान आहे. तो वापरता येईल का?
(जॉब-वर्क युनिट, मकरपुरा, वडोदरा)

तो जॉब भार झेलणाऱ्या जागी लावू नका.

नायट्रोजन स्टीलसाठी निष्क्रिय म्हणता येईल, टायटॅनियमसाठी नाही. टायटॅनियम नायट्रोजनमध्ये जळूसुद्धा शकतं. तो सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा आहे, आणि त्याच्या खाली नायट्रोजन मुरलेला कडक, ठिसूळ थर आहे. एंडोगॅस, म्हणजे स्टीलच्या भट्टीत भरायचं वायूंचं मिश्रण, त्याहून वाईट. नैसर्गिक वायूपासून केलेल्या एंडोगॅसमध्ये सुमारे ४० टक्के हायड्रोजन असतो, आणि गरम टायटॅनियम हायड्रोजन अधाशासारखा शोषतो. ग्रेड ५ मध्ये हायड्रोजनची मर्यादा वजनाच्या ०.०१५ टक्के इतकी कडक आहे. ती ओलांडली की हायड्राइडची पानं तयार होतात आणि त्यांच्या कडेने तडा पळतो. फोडलेल्या अमोनियाची भट्टीही याच कारणाने बाद.

उघड्या हवेत केलं तर? ५०० ते ५५० च्या पुढे ऑक्सिजन आत मुरू लागतो. ८०० ला दोन तासांत पृष्ठभागाखाली पाच-पन्नास मायक्रॉनचा अल्फा केस, म्हणजे ऑक्सिजन मुरलेला ठिसूळ थर, तयार होतो. तो पातळ वाटला तरी भाराखाली आधी तोच फुटतो, आणि त्याच्यातले बारीक तडे आतल्या चांगल्या धातूला खाच पाडून देतात. भट्टीने आतली रचना सुधारली, पण बाहेर तड्यांची तयार ओळ लावून ठेवली, असा प्रकार होतो.

रंगावरून पहिला अंदाज बांधता येतो. चांदीसारखा किंवा फिकट गवती रंग म्हणजे वातावरण ठीक होतं. जांभळा, निळा म्हणजे गळती. राखाडी किंवा पांढरट भुकटी म्हणजे माल वाया. पण रंग हा फक्त वरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्याचा असतो. ॲसिडमध्ये बुडवून चकचकीत केलेल्या जॉबखालीही अल्फा केस असू शकतो. खात्री करायची तर फेरीतला एक तुकडा कापा, पॉलिश करा, क्रोलच्या द्रावणाने एच करा आणि मायक्रोस्कोपखाली पाहा. द्रावणाचं प्रमाण १०० मिलिलिटर पाण्यात २ मिलिलिटर हायड्रोफ्लोरिक आणि ५ मिलिलिटरच्या आसपास नायट्रिक. कडेने पांढरा पट्टा दिसला तर तोच अल्फा केस. सोबत ५० ग्रॅमच्या भाराने कडेपासून आत मायक्रोहार्डनेसची ओळ घ्या. आकडा आत जाऊन जिथे स्थिर होतो, तितका थर काढावा लागेल.

काढायचा तो मशीनिंगने, म्हणून ड्रॉइंगमध्ये आधीच दर बाजूला ०.३ मिलिमीटर ठेवा. जाळीदार जॉब असेल तर पिकलिंग, म्हणजे ॲसिडमध्ये बुडवून थर विरघळवणं. त्यात नायट्रिकचं प्रमाण हायड्रोफ्लोरिकच्या दहापट राखा. नायट्रिक कमी पडलं तर ॲसिडमधला हायड्रोजन धातूत शिरतो. हायड्रोफ्लोरिक ॲसिडबद्दल इथे थांबून सांगायलाच हवं: अंगावर पडल्यावर ते लगेच झोंबेलच असं नाही, पण कातडीखाली हाडापर्यंत पोहोचतं आणि रक्तातलं कॅल्शियम खाऊन जीव घेऊ शकतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल जवळ नसेल तर बाटली उघडूच नका. पडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, जेल चोळा आणि थेट इस्पितळ गाठा.

थोडे लहान तुकडे असतील तर तडजोडीचा मार्ग आहे. बंद नळीची भट्टी, ९९.९९९ टक्के शुद्धतेचा आर्गॉन, आर्गॉन आत येतो त्या तोंडाशी टायटॅनियमच्या स्वच्छ किसाचा ढीग आणि जॉब टायटॅनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळलेला. उरलासुरला ऑक्सिजन आधी किस आणि फॉइल पितात. आर्गॉन थंड होईपर्यंत, निदान ३०० च्या खाली येईपर्यंत, चालू राहू द्या.

एक फरक मात्र पक्का ध्यानात ठेवा. चुकून शिरलेला हायड्रोजन ७०० च्या सुमारास निर्वातात तापवून बाहेर काढता येतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजन कोणत्याही भट्टीने बाहेर येत नाहीत.

प्रश्न : वापरलेली पावडर चाळून पुन्हा वापरतो. त्याने चिवटपणावर परिणाम होतो का?
(प्रिंटिंग ऑपरेटर, इंदूर)

होतो, आणि तो भट्टीने भरून येत नाही. प्रत्येक फेरीत गरम पावडर थोडा ऑक्सिजन घेते. ग्रेड ५ ची कमाल मर्यादा ०.२० टक्के आणि ग्रेड २३ ची ०.१३. ग्रेड २३ ची पावडर घेतली आणि फेऱ्या मारून ०.१५ वर नेली, तर तुम्ही महाग पावडर घेऊन ग्रेड ५ विकत आहात. लॉटची नोंद ठेवा, ठरलेल्या फेऱ्यांनंतर इनर्ट गॅस फ्यूजनने ऑक्सिजन तपासून घ्या, मर्यादेच्या आधीच थांबा. चाळताना जवळ डी-क्लासचं अग्निशामक किंवा कोरडी वाळू हवीच. पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड मारू नका, दोन्हींनी आग भडकते.

प्रश्न : हिप केलं तर वेगळी हीट ट्रीटमेंट लागत नाही, असं ऐकलं. खरं का? खर्च परवडेल का?
(डिझाइन इंजिनिअर, पीथमपूर)

हिप म्हणजे तापमान आणि चहूबाजूंनी आर्गॉनचा दाब एकत्र. पावडर-बेडच्या ग्रेड ५ साठी एएसटीएम या मानक संस्थेच्या मानकात ८९५ ते ९५५ सेल्सिअस, किमान १०० मेगापास्कल आणि दोन ते चार तास असा पट्टा आहे. प्रत्यक्षात ९२० ला दोन तास हे नेहमीचं. या तापमानाला मार्टेन्साइट मोडतंच, त्यामुळे नंतर पुन्हा ८०० चं ॲनील करून हाती काही लागत नाही. मात्र प्लेटवरून कापण्याआधीचं स्ट्रेस रिलीव्ह वेगळंच करावं लागतं.

हिपने बंद पोकळ्या मिटतात. पृष्ठभागापर्यंत उघडलेली पोकळी मिटत नाही, कारण दाबाचा वायू तिच्यातच शिरतो. पावडरच्या दाण्यात कोंडलेल्या आर्गॉनचा बुडबुडा दबतो, पण नाहीसा होत नाही. हिपनंतर कोणी जॉब पुन्हा ट्रान्ससच्या वर तापवला तर तो बुडबुडा परत फुगू शकतो.

खर्चाचं उत्तर जॉबवर आहे. के-वन-सीला लहान गोल बुडबुड्यांनी फारसा फरक पडत नाही. त्याची वाट लावतात त्या दोन थरांमधल्या न वितळलेल्या चपट्या फटी. त्या लेझरची पॉवर, वेग आणि रेषांमधलं अंतर चुकल्याने होतात आणि त्या मशीनवरच टाळायच्या. फक्त एकदाचा धक्का झेलणारा जॉब असेल आणि प्रिंट घट्ट असेल, तर ८५० चं ॲनील पुरे. लाखो फेरे भार झेलायचा असेल तर हिपला पर्याय नाही, कारण फटीगला, म्हणजे वारंवारच्या भाराने धातू थकून तुटण्याला, लहान बुडबुडाही पुरतो.

प्रश्न : एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी लेझर डिपॉझिशनने, पावडर फवारून, टायटॅनियमचे ठोकळे केले आहेत. हीट ट्रीटमेंटच्या आधी आणि नंतर चिवटपणा मोजायचा आहे. नमुने कसे आणि किती काढावेत? चार्पी करावी की के-वन-सी? दुसरं, याच पद्धतीने घडीव जॉबची झीज भरून काढली तर भट्टी कोणती?
(विद्यार्थिनी, इंदूर)

तुमचा प्रश्न आम्हाला या पत्रांत सगळ्यात मोलाचा वाटला, कारण दिशा विचारल्याशिवाय चिवटपणाच्या आकड्याला अर्थ नाही. लेझरने धातूचे थर चढवण्याचं काम इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं चालू आहे, त्यामुळे मार्गदर्शक शोधायला लांब जावं लागणार नाही.

पावडर फवारून चढवलेला थर जाड, म्हणजे ०.३ ते १ मिलिमीटर असतो आणि थंड होण्याचा वेग पावडर-बेडपेक्षा बराच कमी, सेकंदाला काही हजार अंश. म्हणून त्यात मार्टेन्साइटबरोबर विणलेल्या टोपलीसारखी अल्फाची बारीक रचनाही मिळते. बीटाचे कण थर ओलांडून मिलिमीटरभर उंच वाढलेले असतात. ट्रान्ससच्या खालच्या कोणत्याही प्रक्रियेने ही उभी चौकट बदलत नाही, फक्त तिच्या आतलं भरण बदलतं. उभ्या कणांच्या सीमेवर अल्फाची सलग पट्टी बसलेली असेल, तर आडव्या भाराने ती सीमा उघडते आणि तडा तिच्यातून सहज वर चढतो. उभ्या भाराला हीच रचना चांगली तोंड देते, पण थरांमध्ये चपट्या फटी असतील तर त्या उघडतात. एकाच ठोकळ्याचे दोन आकडे त्यामुळे वेगळे येतात, आणि दोन्ही बरोबर असतात.

नमुन्यावर दोन अक्षरं लिहा: पहिलं भाराच्या दिशेचं, दुसरं तडा ज्या दिशेने सरकेल तिचं. थर चढण्याची दिशा झेड. झेड-एक्स, एक्स-झेड आणि एक्स-वाय या तीन मांडण्या, प्रत्येकी तीन नमुने, म्हणजे एका प्रक्रियेला नऊ. प्रक्रिया न केलेले, ७३० चे आणि ९२० चे अशा तीन गटांना सत्तावीस. तळाचे चार-पाच मिलिमीटर सोडून द्या, तिथे प्लेटमध्ये उष्णता जाते म्हणून रचना वेगळी असते. नमुना आधी तापवायचा आणि मग अंतिम मापाला आणायचा.

चार्पीचा तुकडा १० गुणिले १० गुणिले ५५ मिलिमीटरचा, खाच २ मिलिमीटर खोल, ४५ अंशांची, तळाची त्रिज्या ०.२५. खाच कधीही डिपॉझिशनमध्येच घडवू नका. तिच्या तळाचा खडबडीतपणा आकडा बिघडवतो. ती भट्टीनंतर ब्रोचने किंवा ग्राइंडिंगने पाडा.

के-वन-सी एएसटीएम ई ३९९ प्रमाणे करायचा तर जाडीची अट आधी हिशोबात घ्या: जाडी किमान अडीच गुणिले, के भागिले यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो), याचा वर्ग. यील्ड ९०० मेगापास्कल आणि के ५५ धरला तर ९.३ मिलिमीटर लागतात, म्हणजे १२ चा नमुना चालेल. बीटा ॲनील करून यील्ड ८५० आणि के ९० आला तर २८ मिलिमीटर लागतील आणि तुमचा १२ चा नमुना बाद होईल. आलेल्या आकड्याला मग के-वन-सी म्हणता येत नाही, तात्पुरता के-क्यू म्हणून नोंदवावा लागतो. ठोकळ्याची जाडी ठरवण्याआधी हा हिशोब केला नाही, तर पूर्ण सेमिस्टर हातचं जातं.

चार्पी स्वस्त आहे आणि गट एकमेकांशी ताडून पाहायला चांगली आहे. पण तिची खाच बोथट, फटका झपाट्याचा. के-वन-सीमध्ये तडा फटीगने तीक्ष्ण केलेला असतो आणि भार सावकाश चढतो. जाड पट्ट्यांच्या रचनेत के-वन-सी वर जातो तेव्हा चार्पी तितकीच वर जाईल असं नाही. जमलं तर दोन्ही करा, आणि तुटलेल्या पृष्ठभागाचे फोटो काढल्याशिवाय एकही तुकडा टाकू नका.

आता झीज भरण्याचं. इथे भट्टीला दोन मालक असतात: नवा थर आणि जुना घडीव धातू. नव्या थरासाठी ९२० उत्तम असेल, पण त्याने खालच्या घडीव मालाची रचना बदलते आणि जॉबचं मूळ सर्टिफिकेट निकामी होतं. खालचा माल मिल-ॲनील असेल तर ७०० ते ७३० ला दोन तास निर्वातात, हा मधला मार्ग आम्ही सुचवू. ताण बऱ्यापैकी सुटतात, मार्टेन्साइट मोडायला लागतं आणि खालचा माल फारसा हलत नाही. खालचा माल क्वेंच-एज केलेला असेल तर हेही चालणार नाही. त्याचं एजिंग ५४० च्या आसपास झालेलं असतं, ७०० ला त्याची ताकद उतरते. अशा जॉबवर थर चढवण्याआधी डिझायनरची लेखी संमती घ्या. चेंबरमधला ऑक्सिजन ५० पीपीएमच्या खाली ठेवा. उघड्यावर काम करत असाल तर मागून येणारा आर्गॉनचा पडदा थर ४०० च्या खाली येईपर्यंत त्याच्यावरून हलवू नका. प्रत्येक थर चढल्यावर रंग पाहा. निळा दिसला तर तिथेच थांबा, तो थर घासून काढा आणि मगच पुढचा चढवा, कारण वरून नवा थर वितळला की तो ऑक्सिजन कायमचा आत गाडला जातो. आणि टेस्टसाठी खाच नव्या-जुन्याच्या सांध्यावर पाडा, नुसत्या नव्या थरात नको.

प्रश्न : आमच्या आईंच्या मांडीच्या हाडात टायटॅनियमची प्लेट बसवायची आहे. डॉक्टर म्हणाले, थ्रीडी प्रिंट केलेली आहे. ठिसूळ तर नसेल ना?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

शरीरात बसवायच्या अशा प्लेटसाठी कमी ऑक्सिजनचा ग्रेड २३ प्रकार वापरण्याची रीत आहे, आणि लेझरने घडवलेली प्लेट हीट ट्रीटमेंट किंवा हिप झाल्यानंतरच पुढे जायला हवी. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला संकोच करू नका: ग्रेड कोणता, हीट ट्रीटमेंट किंवा हिप झाल्याची नोंद आहे का, आणि प्लेट वाकवून बसवणार आहेत का. टायटॅनियमला खाच सोसत नाही, त्यामुळे ओरखडा पडलेली किंवा एकाच जागी मागेपुढे वाकवलेली प्लेट नको. प्लेट तुटते ती बहुधा धक्क्याने नाही. हाड न जुळल्यामुळे महिनोन्‌महिने सगळा भार तिच्यावरच पडत राहिला, तर फटीगने तुटते. म्हणून आईंनी किती वजन कधीपासून टाकायचं याबद्दल डॉक्टर सांगतील ते काटेकोर पाळा.